कालच्या ताटापासून सुरुवात करा

गरीब वस्तीतल्या तरुण मुलींशी आहाराबद्दल बोलायला मी पहिल्यांदा बसले, तेव्हा माझ्या हातात छापील प्रश्नपत्रिका होती. दहा प्रश्न. लोह कशातून मिळतं, प्रथिनं कशाला लागतात, गरोदरपणात काय खावं, असे. एका एकोणीस वर्षांच्या मुलीनं दहाच्या दहा उत्तरं बरोबर दिली. मला फार बरं वाटलं. उठता उठता सहज विचारलं, "आज काय खाल्लंस गं?" दुपारचे चार वाजले होते. सकाळपासून तिच्या पोटात दोन कप चहा आणि चार बिस्किटं एवढंच गेलं होतं. पालेभाजीत लोह असतं हे तिला शाळेपासून पाठ होतं. पाठ असलेलं आणि पोटात गेलेलं यांची गाठच पडली नव्हती.

तेव्हापासून मी प्रश्नपत्रिकेनं सुरुवात करत नाही, कालच्या ताटापासून करते. तुम्हालाही अशा मुलींसोबत बसायचं असेल, आरोग्यसेविका म्हणून, शिक्षिका म्हणून किंवा शेजारची ताई म्हणून, तर मी काय करते आणि कुठे चुकले ते सांगते.

बसण्याआधी

वेळ त्यांना विचारून ठरवा. पाणी भरायची, स्वयंपाकाची, कामावरून परतायची वेळ असेल तर मुली येतील, पण लक्ष घरात राहील. दहा-बारा जणींहून जास्त नकोत. पंधरा झाल्या की तिघीच बोलतात आणि बाकीच्या माना हलवतात. सासवा आणि आया यांना वेगळं भेटा. त्यांना टाळायचं म्हणून नव्हे, तर त्या समोर असल्या की सून किंवा मुलगी कालच्या जेवणाबद्दल खरं सांगत नाही म्हणून. आणि वजनकाटा पहिल्या दिवशी नेऊ नका. मी एकदा नेला होता. सगळ्यांसमोर वजन घेतलं आणि दोन मुली पुन्हा कधीच आल्या नाहीत. ती माझी चूक होती, आणि ती सुधारायची संधी मला मिळाली नाही.

काल काय खाल्लं, हे कसं विचारायचं

"नाश्ता केला का?" असं विचारू नका. त्या प्रश्नात उत्तर आधीच बसलेलं असतं, मुलगी "हो" म्हणते आणि विषय संपतो. "काल उठल्यावर पहिल्यांदा तोंडात काय गेलं?" असं विचारा. मग तिचा दिवस तिच्यासोबत चालत जा. त्यानंतर काय केलंस, कुठे गेलीस, तिथे काही खाल्लंस का, परत कधी आलीस. माणसाला जेवण आठवत नाही, पण दिवस आठवतो, आणि दिवसाच्या मागोमाग जेवण येतं.

रात्रीपर्यंत पोहोचलात की पुन्हा पहिल्यापासून एक फेरी मारा. आता सुटलेलं शोधायचं असतं: चहातली साखर, वाटेत घेतलेलं काही, स्वयंपाक करताना चाखलेलं, लहान भावाच्या ताटात उरलेलं, रात्री झोपण्याआधी खाल्लेलं. मला तर दुसऱ्या फेरीतच खरी माहिती मिळते. एका मुलीच्या पहिल्या फेरीत दोन जेवणं आली. दुसऱ्या फेरीत कळलं की त्यातलं दुपारचं जेवण म्हणजे बाळाच्या वाटीत उरलेला भात होता.

ऐकताना चेहरा सांभाळा. तुमची भुवई वर गेली की पुढचं उत्तर सुधारून येतं. "अरे वा" सुद्धा म्हणू नका. तुम्ही कशाला खूश होता हे कळलं की ती तुम्हाला तेच खाऊ घालेल, शब्दांनी. काल उपास होता का, ताप होता का, कुणाकडे जेवण होतं का, एवढं मात्र शेवटी विचारून घ्या. एका दिवसावरून एका मुलीचा आहार ठरत नाही. दहा-बारा जणींचा एकेक दिवस समोर आला की त्या गटाचं चित्र दिसायला लागतं.

दहा घरं

यासाठी माझ्याकडे एक साधन आहे, आणि ते माझं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांच्या आहारातलं वैविध्य मोजण्यासाठी दहा अन्नगट ठरवले आहेत. पहिला गट धान्यं, कंद आणि बटाट्यासारख्या पिष्टमय पदार्थांचा. मग डाळी आणि कडधान्यं. शेंगदाणे, तीळ यांसारखे दाणे आणि बिया. दूध आणि दुधाचे पदार्थ. मांस आणि मासे. अंडी. गडद हिरव्या पालेभाज्या. 'अ' जीवनसत्त्व असलेल्या पिवळ्या-केशरी भाज्या आणि फळं, म्हणजे गाजर, लाल भोपळा, पिकलेली पपई, आंबा. मग इतर भाज्या. आणि इतर फळं. एका दिवसात या दहांपैकी निदान पाच गट पोटात गेले, तर शरीराला लागणारी सूक्ष्म पोषकद्रव्यं, म्हणजे जीवनसत्त्वं आणि खनिजं, पुरेशी मिळण्याची शक्यता वाढते. पदार्थ मोजायचा तर तो निदान १५ ग्रॅम, साधारण एक मोठा चमचाभर, खाल्लेला असावा. तेल, साखर, मसाला, चहा यांना घर नाही. चहात घातलेलं थोडंसं दूधही दुधात धरायचं नाही.

जमिनीवर खडूनं दहा चौकोन काढा, प्रत्येकात त्या गटाचं चित्र. प्रत्येकीच्या हातात कडधान्याचे दाणे द्या आणि काल जे खाल्लं त्याच्या चौकोनात एकेक दाणा टाकायला सांगा. कुणी काय टाकलं हे कुणी मोजायचं नाही, ढीग सगळ्यांचा मिळून होतो. म्हणून लाज वाटत नाही. दाणे टाकून झाले की तुम्ही गप्प बसा. धान्याचा चौकोन भरून वाहतो, दोन-तीन चौकोनांत थोडं काही असतं आणि बाकीची जमीन दिसते. ते बघून मुली आपणहून बोलू लागतात. माझ्या कुठल्याही तक्त्यानं हे काम केलेलं नाही.

इथे भांडण होतं ते बटाट्यावरून, आणि ते होऊ द्यावं. "ताई, बटाटा भाजीतच येतो ना!" घरात त्याची भाजी होते, बाजारात तो भाज्यांच्या ढिगात असतो, मग तो धान्याच्या घरात कसा? सांगा, की बटाटा वाईट नाही, पोट भरतो, ताकद देतो. पण तो भातासारखंच काम करतो. भातासोबत बटाटा खाल्ला तर एकाच घरात दोन दाणे पडले, भाजीचं घर रिकामंच राहिलं. भाजी रोज खातो असं ज्यांना मनापासून वाटत होतं त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसतं त्याला मी शिकणं म्हणते. ती मुलगी उद्या बाजारात बटाट्याशेजारच्या ढिगाकडे बघेल.

एक सांभाळा. पाच हा आकडा एखादीला पास-नापास करायला नाही. "तुझे फक्त तीन झाले" असं चुकूनही म्हणू नका.

त्यांना काय माहीत आहे, ते ऐका

आता ज्ञानाचे प्रश्न विचारायला हरकत नाही, पण हाताला लागतील असे. "लोह कशात असतं?" ऐवजी "काल तुमच्याकडे जे शिजलं त्यातलं कशात लोह होतं?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकातून येतं, दुसऱ्यासाठी डोळ्यांसमोर स्वतःचं भांडं आणावं लागतं.

बीट खाल्ल्यानं रक्त वाढतं, हे मी अगणित वेळा ऐकलं आहे. लाल खाल्लं की लाल होतं, हा विचार समजण्यासारखा आहे. बीटाचा रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्यांमुळे असतो, लोहामुळे नाही. शंभर ग्रॅम बीटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. बीट आवडत असेल तर जरूर खावं, पण रक्तासाठी म्हणून महाग बीट घेऊन कडधान्य टाळणं हा तोट्याचा सौदा आहे. हे सांगताना "तुमचं चुकलं" असं म्हणू नका. "मलाही आधी तसंच वाटायचं" म्हणा. मला खरंच तसं वाटायचं.

लोहाची गोष्ट नीट सांगा

बाकी सगळं राहिलं तरी चालेल, हे राहू देऊ नका. जगात १५ ते ४९ वयाच्या साधारण ३० टक्के स्त्रियांना ॲनिमिया आहे, आणि त्याचं सर्वांत मोठं एकटं कारण लोहाची कमतरता हे आहे. मुली त्याला "रक्त कमी आहे" म्हणतात, तोच शब्द वापरा. चक्कर, दम लागणं, जिना चढताना छातीत धडधड, सतत थकवा हे त्यांना इतकं सवयीचं असतं की बाईचा देह असाच असतो असं त्या धरून चालतात. नाही, तो असाच नसतो, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

हिशोब असा मांडा. एका पाळीत सर्वसाधारणपणे ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे दर महिन्याला १५ ते २० मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जातं, रोजच्या नेहमीच्या झिजेखेरीज. ते अन्नातून भरून यायला हवं, आणि डाळी, कडधान्यं, पालेभाज्यांतलं लोह शरीर फार थोडं घेतं. मांस-मासळीतलं काहीसं लोह त्यापेक्षा सहज घेतलं जातं. म्हणून किती खाल्लं याच्या इतकंच कशासोबत खाल्लं हेही महत्त्वाचं.

'क' जीवनसत्त्व वनस्पतींतलं लोह शोषायला मदत करतं. जेवताना लिंबू पिळा, पेरू किंवा संत्रं खा. शिजवताना घातलेल्या लिंबाचं बरंचसं 'क' उष्णतेनं जातं, म्हणून भांडं खाली उतरवल्यावर पिळायचं. चहा-कॉफीतले टॅनिनसारखे घटक लोहाला धरून ठेवतात, म्हणून जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर ठेवा. चहा सोडा असं मी कधीच म्हणत नाही. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या मुलीचा तो एकच विसावा असतो, तो आपण का काढून घ्यायचा? फक्त जागा बदलायची. कडधान्य रात्रभर भिजवलं, मोड आणले, की त्यातलं लोह अडवणारं फायटेट कमी होतं. शिवाय ते लवकर शिजतं आणि इंधन वाचतं. हे दुसरं कारण मुलींना पहिल्यापेक्षा लवकर पटतं, तर तेच आधी सांगा.

तपासणीबद्दलही बोला. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे १२ ग्रॅमच्या खाली असेल तर जागतिक आरोग्य संघटना त्याला ॲनिमिया म्हणते, ८ च्या खाली तो तीव्र मानला जातो. हे दोन आकडे मुलींनी लक्षात ठेवावेत, म्हणजे हातात आलेला कागद त्यांना स्वतःला वाचता येतो. पण रक्त कमी असण्याचं कारण दरवेळी लोहच असतं असं नाही. बी-१२ किंवा फोलेट या जीवनसत्त्वांची कमतरता, पोटातले जंत, थॅलेसेमियासारखा आनुवंशिक आजार, यांपैकीही काही असू शकतं. म्हणून उपचाराची मात्रा डॉक्टरांनी ठरवावी, शेजारणीच्या पाकिटातली गोळी घेऊ नये.

लोहाच्या गोळ्या ज्यांना दिल्या आहेत त्या अर्ध्यात सोडतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा गोळीनं काय होईल हे कुणी आधी सांगितलेलं नसतं एवढंच असतं. शौचाला काळं होईल, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण गोळी घेत नसताना काळं, चिकट होत असेल तर डॉक्टरांकडे जायचं. मळमळलं तर जेवणानंतर किंवा झोपताना घ्या. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी यांच्यासोबत नको. एक मुलगी दूध चांगलं म्हणून रोज दुधासोबतच गोळी घेत होती, तीन महिने, एकदाही न चुकता. आणि गोळ्यांचा डबा लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा उंच ठेवा. लोहाच्या जास्त गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. एका खोलीच्या घरात 'उंच' म्हणजे नक्की कुठे, हे प्रत्येकीला विचारून तिथल्या तिथे ठरवून घ्या.

फॉलिक ॲसिडचं, म्हणजे गोळीतल्या फोलेटचं, एक वाक्य लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्यांसमोर बोला. बाळाचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर पुष्कळ जणींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. ती नीट मिटायला फॉलिक ॲसिड लागतं, म्हणून मूल हवं असं ठरवल्यापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करायचं आणि बारा आठवड्यांपर्यंत चालू ठेवायचं. आधीच्या बाळात ही नळी नीट न मिटल्याचा दोष होता अशा स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत पुढच्या बाळातला धोका ७२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९१ साली प्रसिद्ध झालं. अशा स्त्रियांना मात्रा बरीच जास्त लागते, ती डॉक्टर सांगतील.

पहिलं ताट कुणाचं

हे सगळं सांगून झाल्यावर एका मुलीनं मला शांतपणे विचारलं होतं, "कळलं ताई, पण भाजी काय आणायची ते मी कुठे ठरवते?" त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

आता मी प्रत्येक गटात चार गोष्टी विचारते. बाजार कोण करतं? शिजवतं कोण? वाढतं कोण? शेवटी कोण जेवतं? मुलगी कशात असते आणि कशात नसते ते पाहा आणि सल्ला तिथेच द्या जिथे तिचा हात पोहोचतो. बाजार तिच्या हातात नसेल पण चूल असेल, तर भिजवणं, लिंबू, चहाची वेळ एवढंच बोला. स्वतःच्या कमाईतले थोडे पैसे हातात राहत असतील, तर कामावर खाल्ल्या जाणाऱ्या पाकिटाच्या जागी मूठभर शेंगदाणे, एखादं उकडलेलं अंडं किंवा केळं. दोन्ही हातात नसेल, तर तिला उपदेश करू नका. तिच्या घरी जा आणि जिच्या हातात आहे तिच्याशी बोला, तिचीही तब्येत विचारून. सासूला सुनेच्या अशक्तपणाबद्दल सांगितलं तर ती ऐकून घेते, पण आधी तिचे गुडघे विचारले तर ती मदत करते.

शेवटी जेवणाऱ्या मुलीसाठी एका मुलीनेच काढलेला उपाय मी पुढच्या सगळ्या गटांना सांगत आले आहे. सगळ्यांना वाढायच्या आधी ती स्वतःच्या वाटणीची घट्ट डाळ एका वाटीत काढून झाकून ठेवायची. कुणाला काही कमी पडलं नाही, घरात वाद झाला नाही, आणि तिच्या वाट्याला तळाचं पाणी येणं थांबलं.

एका बैठकीत एकच बदल ठरवा, आणि तो प्रत्येकीनं स्वतः निवडू द्या. मी पूर्वी सात सांगायचे आणि एकही व्हायचा नाही.

पाकिटावरची अक्षरं

यावर फार वेळ नको, पण रिकामी पाकिटं मुलींनाच आणायला सांगा. घटकांच्या यादीत जे सर्वांत जास्त असतं ते पहिलं लिहिलेलं असतं, एवढा एक नियम कळला की पुरे. पहिल्या तिनांत साखर, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली पावडर) असेल आणि समोर "ताकद" लिहिलेलं असेल, तर पैसे कशाचे गेले ते त्यांचं त्यांनाच दिसतं. ३३० मिलिलिटरच्या गोड शीतपेयात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे आठ-नऊ चहाचे चमचे. तेवढी साखर वाटीत मोजून मधोमध ठेवा, बोलू नका. अंगानं भरलेल्या मुलीला "तुला कसली कमतरता" असं कुणी म्हणालं तर मात्र नक्की बोला. वजन जास्त असूनही रक्त कमी असू शकतं, आणि अशा मुलीची तपासणी बहुधा राहून जाते.

कुणाला लगेच पाठवायचं

माती, खडू, बर्फ किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का, हे एकेकीला बाजूला घेऊन विचारा. लोह कमी असलेल्यांमध्ये ही ओढ दिसते आणि मुली ती वर्षानुवर्षं लपवतात. पाळी सात दिवसांहून जास्त चालणं, तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, मोठ्या गाठी पडणं, बसल्या जागी दम लागणं, पायांना सूज, यांतलं काही असेल तर आहाराचं बोलणं थांबवा आणि तिला दवाखान्यात घेऊन जा. "जाऊन ये" म्हणू नका, सोबत जा. एकटी गेलेली मुलगी रांग बघून परत येते, आणि परत आल्याचं सांगत नाही.

महिन्यानं पुन्हा बसा. परीक्षा घेऊ नका, पुन्हा खडूनं दहा चौकोन काढा आणि कालचे दाणे टाकू द्या. मागच्या वेळी प्रत्येक चौकोनात किती दाणे पडले होते ते तुमच्या वहीत असू द्या, नावं नकोत. जिथे ढीग वाढला तिथे कसं जमवलंत ते मुलींनाच एकमेकींना सांगू द्या. जिथे वाढला नाही तिथे काय आड आलं ते विचारा आणि तेही लिहा: पाणी आलं नाही, काम सुटलं, घरात आजारपण होतं. ही वही वरच्या कार्यालयात द्यायची असली तरी आधी त्या मुलींना वाचून दाखवा. माझ्या वहीत अशा वाचनात दोनदा दुरुस्त्या झाल्या आहेत, आणि दोन्ही वेळा मुलींचं बरोबर होतं.